चौकडी, चौक, चतुष्टय: चारांच्या गटाला नाव देणाऱ्या शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकडी म्हणजे नेमके काय?

चारांचा गट. माणसे चार असोत, युगे चार असोत, की चार रेघांनी बांधलेला चौकोन असो. आजच्या मराठीत हा शब्द मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो. सतत एकत्र फिरणाऱ्या चार जणांना आपण चौकडी म्हणतो. उभ्या-आडव्या रेघा एकमेकींना छेदून जे चौकोन पडतात त्यांनाही चौकडी म्हणतो, म्हणून 'चौकडीचा शर्ट'. आणि पुराणांच्या कालगणनेत सत्य, त्रेता, द्वापार, कली ही चार युगे मिळून एक चौकडी होते. पहिला अर्थ सर्वांच्या तोंडी आहे, तिसरा जवळजवळ विसरला गेला आहे. शब्दाचे मूळ शोधताना मात्र तो विसरलेला अर्थच जास्त उपयोगी पडतो.

हा शब्द आला कुठून?

संस्कृतमधल्या 'चतुर्' या संख्येपासून. चतुर् ला 'क' लागून 'चतुष्क' होते, म्हणजे चारांचा संच. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेले त, द यांसारखे व्यंजन गळून पडते. पाद चा पाव झाला तो याच वाटेने. तसा 'चतु' चा 'चउ' झाला, 'ष्क' चा 'क्क' झाला, आणि चतुष्क चे चउक्क झाले. मराठीत अ आणि उ एकत्र येऊन 'औ' झाला, जोड 'क्क' सुटा झाला, आणि उरला चौक.

त्यापुढचा 'डी' म्हणजे आपुलकीचे शेपूट. अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि मराठी यांच्या मधल्या टप्प्यावरची भाषा. तिच्या काळापासून नामांना 'ड' जोडण्याची सवय लागली. अंत्रापासून आतडे, कृत्तीपासून कातडे अशी उदाहरणे रोजच्या बोलण्यात आहेत. त्याला स्त्रीलिंगी 'ई' लागली की वस्तू लहान, जवळची, ओळखीची वाटू लागते. चौक आणि चौकडी यांत हाच फरक आहे. चौक रुक्ष संच, चौकडी ओळखीचा संच.

पण चौक म्हणजे तर रस्त्यावरची जागा. तिचा 'संच' कसा?

चार रस्त्यांचा संच म्हणून रस्त्यावरचा चौक, आणि चार बाजूंच्या सोप्यांनी वेढलेली मोकळी जागा म्हणून वाड्याचा चौक. गटाचे नाव जागेला मिळाले, आणि जागा इतकी रोजची झाली की गटाचा अर्थ मागे पडला.

याच घरातली आणखी भावंडे पाहा. दाराची चौकट 'चतुष्काष्ठ' या शब्दापासून आली, म्हणजे चार लाकडे: दोन उभी, एक वरची आडवी आणि खालचा उंबरठा. आज आपण 'कायद्याची चौकट' म्हणतो तेव्हा त्या शब्दात ही चार लाकडे अजून उभी असतात. चौरस हा 'चतुरस्र', अस्र म्हणजे कोपरा. चौकी म्हणजे आधी चार पायांचे आसन, नंतर पहारेकऱ्याची जागा. घोडा चौखूर उधळतो, कारण चारही खूर एकदम कामाला लागतात. चौरंग हे पूजेचे आसन, आणि दोन्ही हात, दोन्ही पाय तोडण्याच्या जुन्या शिक्षेलाही 'चौरंग करणे' म्हणत. एका शब्दात इतके दूरचे दोन अर्थ नांदले, कारण तिथे 'चार' तेवढे समान होते.

आकड्यांतले 'चौ' हेच का?

हेच. चौदा, चोवीस, चौतीस, चौपन्न, चौसष्ट. यांत चौऱ्यांशी विशेष आहे. 'चतुरशीति' मध्ये र् च्या पुढे स्वर आहे, म्हणून तो गळला नाही. चौसष्ट मध्ये हरवलेला संस्कृत र् चौऱ्यांशी मध्ये अजून ऐकू येतो.

'चार' मात्र वेगळ्या वाटेने आला. संस्कृतात चार ची तीन रूपे आहेत: पुल्लिंगी चत्वारः, स्त्रीलिंगी चतस्रः, नपुंसकलिंगी चत्वारि. यांतल्या तिसऱ्यापासून पाली-प्राकृतातले 'चत्तारि' झाले. बौद्ध ग्रंथांतली चार आर्यसत्ये म्हणजे 'चत्तारि अरियसच्चानि'. तेच झिजत चारि आणि चार झाले. म्हणजे मराठीत एकाच आकड्याची दोन रूपे आहेत: सुटे असले की चार, जोडले की चौ.

युगांच्या चौकडीचा काय संबंध?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. पूजेच्या आरंभी गुरुजी संकल्प सांगतात त्यात 'अष्टाविंशतितमे युगचतुष्के कलियुगे प्रथमचरणे' असे शब्द येतात. अठ्ठाविसाव्या युगचतुष्कातल्या कलियुगाच्या पहिल्या चरणात आपण आहोत, असा त्याचा अर्थ. युगचतुष्क म्हणजे युगांची चौकडी. संस्कृत आई आणि मराठी लेक यांचा इतका स्पष्ट पुरावा आपण घरोघरी ऐकतो, आणि तो पुरावा आहे हे लक्षातही येत नाही.

आकडे असे आहेत: सत्य किंवा कृतयुग 17,28,000 वर्षे, त्रेता 12,96,000, द्वापार 8,64,000, कली 4,32,000. बेरीज 43,20,000, ही एक चौकडी. अशा 71 चौकड्यांचे एक मन्वंतर, आणि हजार चौकड्यांचा ब्रह्मदेवाचा एक दिवस.

या आयुष्यांचे प्रमाण 4:3:2:1 आहे. ही चारही नावे मुळात द्यूतातल्या डावांची आहेत. वैदिक काळी बेहड्याच्या फळांनी जुगार खेळत. फळे चार-चारांच्या गटांत मोजायची. काहीच उरले नाही तर 'कृत', हा सर्वांत चांगला डाव. तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, एक उरले तर कली, हा हरलेला डाव. म्हणजे 'पूर्ण' या कल्पनेचे मापच चार होते. चारांचा गट पुरा झाला की सत्ययुग, एकटे उरले की कलियुग. पुराणांतला काळ मोजायला द्यूताची भाषा वापरली गेली आणि तिच्या मुळाशी चारांची चवड होती, हे मला विलक्षण वाटते.

'चौकडी' म्हटले की थोडे वाईट का वाटते?

मराठीत मित्रांच्या लहान गटांची नावे पाहा. दोघांची दुक्कल, तिघांचे त्रिकूट, चौघांची चौकडी. तिन्ही शब्द गुन्ह्याच्या बातम्यांत सहज येतात: चोरांची दुक्कल पकडली, त्रिकूट गजाआड, चौकडी फरार. काहीतरी ठरवून, कुजबुजून केले जाते आहे असा भाव त्यांत आहे. यात शब्दांच्या मुळाचा दोष नाही. त्रिकूट म्हणजे तीन शिखरांचा डोंगर. त्यात वाईट काय? वापराने रंग चढला.

चौकडीवर हा रंग महाभारतामुळे अधिक गडद झाला. दुर्योधन, दुःशासन, कर्ण आणि शकुनी या चौघांना 'दुष्टचतुष्टय' म्हणण्याची परंपरा आहे. मराठीत त्याच जागी 'चांडाळचौकडी' आली. चीनमध्ये माओ त्से-तुंग यांच्या मृत्यूनंतर महिनाभरात, 6 ऑक्टोबर 1976 रोजी, त्यांच्या पत्नी च्यांग छिंग यांच्यासह चार नेत्यांना अटक झाली. ते जगभर 'चौघांची टोळी' याच नावाने ओळखले गेले. चौघांच्या एकीचा संशय येणे काही मराठीपुरते नाही.

'चांडाळचौकडी' हा शब्द मात्र मी वापरत नाही, आणि वापरू नये असे मनापासून सांगतो. चांडाळ हे समाजाने गावाबाहेर ठेवलेल्या माणसांचे नाव होते. ते शिवी म्हणून वापरणे म्हणजे त्या माणसांना पुन्हा एकदा बाहेर काढणे. नुसते 'चौकडी' म्हटले तरी अर्थ पुरेपूर पोहोचतो.

जाता जाता एक उलटे उदाहरण. पेशवाईत सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर आणि नाना फडणवीस असे चार मुत्सद्दी नावाजले गेले. नाना तलवारबहाद्दर नव्हते म्हणून त्यांना अर्धे धरले, आणि नाव पडले 'साडेतीन शहाणे'. माणसे चार असून चौकडी झाली नाही. कदाचित आदराने बोलायचे होते म्हणूनच.

पाच जणांच्या गटाला असा शब्द का नाही?

दुक्कल, त्रिकूट, चौकडी, आणि पुढे? पुढे टोळी, टोळके, गट, घोळका. यांत संख्या नाही. 'पंचक' आहे, पण ते नक्षत्रांच्या नाहीतर पुस्तकांच्या संदर्भात. पाच मित्रांना कुणी पंचक म्हणत नाही.

व्याकरणातही हेच दिसते. दोघे, तिघे, चौघे. दोघी, तिघी, चौघी. त्यानंतर एकदम 'पाच जण', 'पाच जणी'. माणसे मोजण्याची खास रूपे चारपाशी संपतात. संस्कृतात एक ते चार यांची रूपे लिंगाप्रमाणे बदलतात, पाचपासून तिन्ही लिंगांत एकच रूप. ग्रीकमध्येही लिंगभेद चारपर्यंतच. रशियनमध्ये दोन, तीन, चार यांच्यापुढे नाम एका रूपात येते आणि पाचपासून दुसऱ्या. या सगळ्या भाषा एकाच जुन्या कुळातल्या आहेत, त्यामुळे काही वारसा समान असणारच. पण तो वारसा नेमका चारपाशीच का थांबला?

याचे उत्तर बहुधा डोळ्यांत आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1871 साली स्वतःवरच एक साधा प्रयोग केला. पेटीत घेवड्याचे दाणे टाकायचे, एकदाच नजर टाकायची आणि किती दाणे ते सांगायचे. तीन आणि चार दाण्यांना त्यांची एकदाही चूक झाली नाही. पाचपासून चुका सुरू झाल्या आणि पुढे वाढत गेल्या. नंतरच्या मानसशास्त्रज्ञांनीही पुन्हा पुन्हा हेच पाहिले: साधारण चार वस्तूंपर्यंत आपण मोजत नाही, थेट पाहतो. त्यापुढे मोजावे लागते. ज्यांची संख्या एका नजरेत कळते त्या गटाला स्वतःचे नाव मिळाले. ज्यांना मोजावे लागते त्यांना आकडा पुरला.

लिहितानाही हीच अडचण आली. ब्राह्मी लिपीत एक, दोन, तीन हे तितक्याच रेघा ओढून लिहीत. चारला मात्र वेगळी खूण होती. अशोकाच्या काळी ती अधिकच्या चिन्हासारखी, फुलीच्या वळणाची आहे. चार समांतर रेघा म्हणजे नजरेची हद्द, त्यापुढे चूक व्हायला सुरुवात होते.

कायदाही याच रेषेवर उभा आहे, हे पाहून मी थक्क झालो होतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 391 प्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 310 मध्ये हीच संख्या कायम आहे. बेकायदेशीर जमाव ठरायलाही पाच माणसे लागतात. म्हणजे चौकडी ही कायद्याच्या लेखीही जमाव नाही. पाचवा आला की जमाव.

चतुष्टय आणि चौकडी यांत फरक काय?

नाते सख्खे, वागणे वेगळे. चतुष्टय मध्ये चतुर् ला 'तय' हा प्रत्यय लागला आहे. पाणिनीचे सूत्र आहे 'संख्याया अवयवे तयप्'. म्हणजे ज्याचे इतके अवयव आहेत ते, चार भागांचे एक पूर्ण. चौकडीत चार वेगवेगळे एकत्र आलेले असतात. चतुष्टयात एकाच गोष्टीचे चार भाग असतात, त्यातला एक काढला तर बाकीचे अपुरे.

तत्त्वज्ञानाला हा शब्द फार आवडला. मन, बुद्धी, चित्त, अहंकार हे अंतःकरणचतुष्टय. धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे पुरुषार्थचतुष्टय. इथे आधी तीनच पुरुषार्थ होते, त्रिवर्ग, मोक्ष नंतर येऊन बसला. ग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी सांगायचे, ते अनुबंधचतुष्टय. जैन परंपरेत अनंत ज्ञान, अनंत दर्शन, अनंत सुख आणि अनंत वीर्य हे अनंतचतुष्टय. आधुनिक मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या बिढार, हूल, जरीला आणि झूल या चार कादंबऱ्यांना मिळून चांगदेव चतुष्टय म्हणतात. त्यांना कुणी 'चांगदेव चौकडी' म्हटले असते तर काय झाले असते, याची कल्पना केली की दोन शब्दांतला फरक समजतो.

चतुष्टयी बरोबर की चतुष्टय?

दोन्ही. चतुष्टयी हे स्त्रीलिंगी रूप आहे, त्रयी सारखे. पतंजलीच्या महाभाष्यात 'चतुष्टयी शब्दानां प्रवृत्तिः' असे वाक्य आहे: शब्द चार प्रकारे वापरले जातात, जातीसाठी, गुणासाठी, क्रियेसाठी आणि मनाला येईल तसे ठेवलेले नाव म्हणून.

'गंडा' म्हणजेही चार असतात का?

जुन्या हिशेबात चार नगांचा, विशेषतः चार कवड्यांचा गंडा धरत. हा शब्द 'चतुर्' च्या कुळातला नाही. तो मुंडा भाषांकडून, म्हणजे संथाळी, मुंडारी यांसारख्या आदिवासी भाषांकडून, आला असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. वीस नगांची कोडीही त्याच बाजूची. बाजारात वस्तू चार-चारांनी उचलून मोजणे सोपे, आणि त्याचे कारण वर आलेच आहे.

संस्कृत गणितातही चार पुन्हा पुन्हा येतो. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावती या गणितग्रंथात जुन्या नाण्यांचे कोष्टक आहे: 20 कवड्यांची एक 'काकिणी', 4 काकिणींचा एक 'पण', 16 पणांचा एक 'द्रम्म' आणि 16 द्रम्मांचा एक 'निष्क'. चार, आणि चार चोक सोळा.

मग 'पाव' या शब्दात चार कुठे आहे?

पायात! संस्कृत पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचे चार चरण, कलियुगाचे प्रथम चरण, सगळे याच हिशेबाने. पाद चा पाव झाला. 'सपाद', म्हणजे पावासकट, त्याचा सव्वा झाला. 'पादोन', म्हणजे पाव कमी, त्याचे पाऊण झाले. घड्याळात सव्वादहा वाजले असे म्हणताना आपण एका चार पायांच्या जनावराचा एक पाय मोजत असतो.

चार पैशांचा आणा, चार आण्यांची पावली, चार पावल्यांचा रुपया हीच मांडणी. एप्रिल 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि चार आण्यांचे 25 नवे पैसे झाले. तरी बोलण्यातले 'चार आणे' हटले नाहीत. 25 पैशांचे नाणेही 2011 मध्ये चलनातून गेले, शब्द अजून आहे.

'चार लोक काय म्हणतील' मधले चार कोण?

कुणीच मोजलेले नाहीत. इथे चार म्हणजे थोडे, पण पुरेसे. चार शब्द बोला, चार पैसे गाठीला बांधा, चार पावसाळे जास्त पाहिलेत, चार दिवस सासूचे चार दिवस सुनेचे. 'चारचौघांत' म्हणताना तर चार दोनदा आला, आकडा आणि माणसांचे रूप मिळून. चारचौघांसारखा म्हणजे सर्वसाधारण. पूर्ण समाज नजरेसमोर आणायला मराठीला चार माणसे पुरतात. फक्त लग्नात दोनाचे चार हात होतात तेव्हा तो चार खरोखर मोजलेला असतो.

चतुर माणसाचा चारशी संबंध आहे का?

नाही. 'चपळ, हुशार' या अर्थाचा चतुर हा वेगळा शब्द आहे. उच्चार जुळला एवढेच. चतुरंग मात्र चारचाच: हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगांची सेना. तो इराणात जाऊन चतरंग झाला, अरबांकडे शतरंज झाला आणि परत आपल्याकडे आला. शतरंज मध्ये 'शत' शोधणारे चुकतात.

चौघडा आणि चौघडिया?

चौघडा म्हणजे देवळात किंवा वाड्यात वाजणारा नगाऱ्यांचा संच. चौघडिया म्हणजे चार घटकांचा काळ. घटका 24 मिनिटांची, म्हणून चार घटका 96 मिनिटे. प्रत्यक्षात सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ भाग करतात, त्यामुळे बारा तासांच्या दिवशी एक भाग 90 मिनिटांचा येतो. नावात चार घटका आहेत, हिशेबात पावणेचार.

टेट्रा, क्वाड हे शब्द आपल्या चौकडीचे कोण?

दूरचे चुलत भाऊ. संस्कृत चतुर्, फारसी चहार, लॅटिन क्वात्तुओर, ग्रीक तेत्तारेस, रशियन चेतीरे यांचे मूळ एकच. क्वार्टर, क्वाड ही लॅटिन घरातली, टेट्रा हे ग्रीक घरातले. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या टेट्रा पॅक कंपनीचे पहिले वेष्टन चार त्रिकोणी पृष्ठांचे होते, नाव त्यावरून. भारत, जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या गटाला क्वाड म्हणतात. तिकडचा स्क्वेअर आणि आपला चौक हे दोन्ही शब्द चारपासून निघाले आणि दोन्हींचा अर्थ चौकोनही झाला, रस्त्यावरची मोकळी जागाही.

आम्ही चार मैत्रिणी आहोत. स्वतःला चौकडी म्हटले तर चालेल?

अवश्य म्हणा. स्वतः म्हटले की शब्दातला संशय जातो आणि लडिवाळपणा उरतो, 'डी' त्यासाठीच आहे. दुसऱ्यांच्या गटाविषयी आदराने लिहायचे असेल तर 'चौघी' हा शब्द मोकळा आणि सुंदर आहे. चार ग्रंथ, चार तत्त्वे, चार भागांची रचना असेल तर चतुष्टय. आणि उद्या पाचवी मैत्रीण आली, तर नवे नाव तुम्हालाच शोधावे लागेल. मराठीने ती जागा रिकामी ठेवली आहे.